जेरुशाबाईंच्या तीन काचा

फोटो काढताना एलिजा आष्टमकर कधी कुणाला "हसा" म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "आता मुळीच हसायचं नाही हं. गंभीर. दारात व्याही उभे आहेत असं समजा." आणि समोरचा माणूस फस्सकन हसायचा. पनवेलच्या बाजारपेठेत, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत त्याचा स्टुडिओ होता. एक पडदा, त्यावर संगमरवरी जिना, दोन हंस आणि मागे बर्फाचा डोंगर. सगळ्या पंचक्रोशीनं त्या जिन्यापुढे उभं राहून लग्नं जमवली होती. जिन्यानं जे साधत नसे ते एलिजाची पेन्सिल साधे. फोटोच्या काचेवर ती नुसती फिरली की देवीचे व्रण बुजत, पुढचे दात मागे जात.

लोकांची लग्नं जमवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं वय मात्र बत्तीस झालं होतं. कारण सोपं होतं. दर शनिवारी यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना तो मान वर करून बायकांच्या सज्जाकडे बघायचा. तिथे जेरुशा किल्लेकर बसायची, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. ती खाली बघायच्या आत एलिजा पुस्तकात डोकं घालायचा. सहा वर्षं हे असं चाललं होतं. पुढे काही नाही.

आणि एका मार्चमध्ये, त्रेपन्न साली, जेरुशा स्वतःच माडीचा जिना चढून आली. पुढे तिची मझलमावशी, हातात छत्री, छत्रीच्या टोकाला जणू सगळं जग.

"एलिजा, वाच!" मावशीनं एक पत्र त्याच्या छातीवर मारलं. "मोठ्यानं वाच."

पत्र अहमदाबादचं होतं. मुलगा रेल्वेत. एलिजा वाचू लागला, "मुलीचा फोटो धाडावा. मात्र रंगीत पडद्यापुढचा नको व पेन्सिल फिरवलेला नको. मागच्या खेपेस पनवेलहूनच आलेला फोटो व प्रत्यक्षातली मुलगी यांचा मेळ बसला नाही. तरी उघड्यावर, खऱ्या उन्हात, पाठीमागे एखादा प्रेक्षणीय देखावा घेऊन काढलेला फोटो वल्हांडणाच्या सणापूर्वी मिळावा..."

"मागची खेप म्हणजे तूच!" मावशी म्हणाली. "आपल्या मिल्काचे दात कुठे गेले होते रे?"

"पेन्सिलीत," एलिजा पुटपुटला.

जेरुशानं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"तर आता देखावा शोध. पनवेलात प्रेक्षणीय असं आहे तरी काय?"

एलिजानं पत्राची घडी घातली. पोरगी अहमदाबादला चालली, आणि तिला घालवायची कुणी, तर आपण! पण घडी घालता घालताच मावशीचा एक शब्द त्याला सापडला. शोध! शोधायला वेळ लागतो की!

"मावशी, हे काम घाईचं नाही," तो गंभीर होऊन म्हणाला. "गावभर फिरावं लागेल. ऊन बघावं लागेल. वारा बघावा लागेल. शनिवारी शब्बाथ, आपल्याला कॅमेऱ्याला हात लावता येत नाही. बाकीचे दिवस शाळा. म्हणजे रविवारच. दोन-तीन रविवार तरी धरा."

"मला चालेल," जेरुशा खिडकीशी बोलली.

पहिल्या रविवारी काशिरामच्या टांग्यात वरात निघाली. मागे मावशी आणि जेरुशा, पुढे काशिराम, आणि त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचं पेटीएवढं लाकडी धूड मांडीवर घेतलेला एलिजा. जेरुशानं मोरपंखी पातळ नेसलं होतं. एलिजानं ते एकदाच पाहिलं आणि त्यानंतर घोड्याच्या कानांमधून समोर बघत राहिला.

तळ्यावर गेले. "इथे नको, कमळं तुमच्याकडे पाठ करून आहेत." पलीकडच्या काठावर गेले. "इथे धुणं वाळतंय, अहमदाबादकरांना वाटेल तुमचंच." देवळापाशी गेले, तर तिथे म्हैस हलेना. काशिराम म्हणाला, "म्हशीला पन घ्या ना फोटोत, पाव्हन्यांना दुभतं घर वाटंल!"

अखेर गाढी नदीच्या काठावर, लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता तिथे, एलिजानं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं आणि मागच्या काळ्या फडक्यात शिरला.

आता त्या कॅमेऱ्याचं एक सांगायला हवं. मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसायचं. आभाळ खाली, नदी वर, आणि मधोमध जेरुशा, डोकं खाली, पाय वर. फडक्यातल्या अंधारात कुणी बघत नव्हतं, सज्जाही नव्हता. एलिजानं सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पोटभर बघितलं. उलटी असली म्हणून काय झालं!

"अरे, झोपलास का आत?" मावशी ओरडली.

"सुळका! जेरुशाबाई, कर्नाळ्याचा सुळका तुमच्या डोक्यातून उगवतोय. जरा डावीकडे!"

"शिंग दिसतंय का?"

"शिंग नाही... मुकुट म्हणा."

आपण हे मोठ्यानं बोललो हे कळल्यावर एलिजाच्या कानात घंटा वाजू लागल्या. तो धडपडत बाहेर आला, कोऱ्या काचेचा डबा कॅमेऱ्यात सरकवला, "मुळीच हसायचं नाही" म्हणाला, लेन्स उघडणारा रबरी फुगा दाबला. झालं.

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत त्यानं काच द्रावणात बुडवली. काही उमटेना. हलवली, डोलवली. कोरी! आणि मग त्याला आठवलं. डब्यातल्या काचेवर एक सरकती पट्टी असते. फुगा दाबण्याआधी ती ओढून काढायची, नाहीतर लेन्स कितीही उघडा, काचेला आंधळी कोशिंबीर. शिकाऊ पोरगासुद्धा ही चूक एकदाच करतो. एलिजानं चौदा वर्षांत पहिल्यांदा केली होती.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग लक्षात आलं, काच कोरी म्हणजे आणखी एक रविवार! एलिजा त्या लाल दिव्याखाली असा नाचला की खाली शिंप्यानं छताला काठी ठोकली.

दुसऱ्या रविवारी बंदरावर. गलबतांची शिडं, खाडीचं पाणी, देखावा अहमदाबादच काय, विलायतेला पाठवावा असा. मावशी खूश. एलिजा फडक्यात शिरला, पुरती दहा मिनिटं. डोलकाठी केसांत अडकतेय म्हणून दोन मिनिटं, पदर वाऱ्यावर म्हणून दोन मिनिटं, बाकीची सहा नुसतीच. बाहेर येऊन डबा लावला. पट्टीला बोट लागलं. बोट थांबलं. आणि बोट परत आलं.

फुगा दाबला. "झक्कास!" तो म्हणाला, आणि जेरुशाच्या नजरेला नजर न देता फडकं घडी करू लागला. तिला हसू का येतंय हे काही त्याला कळलं नाही.

मंगळवारी मावशीची छत्री माडीत आली. "पुन्हा कोरी? तुझं द्रावण नासलंय की डोकं? ऐक. येत्या सोमवारच्या टपालानं फोटो गेला नाही, तर वल्हांडण टळेल आणि मुलगा हातचा जाईल. मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललेय, पोरीचं ठरू दे म्हणून. हा शेवटचा रविवार. जमत नसेल तर मी मुंबईहून दुसरा फोटोवाला आणते."

एलिजाला चार रात्री झोप आली नाही. कोरी काच दिली तर मुंबईवाला येणार. चांगली काच दिली तर अहमदाबादवाला. काही केलं तरी कुणीतरी गाडीत बसून येणारच होतं. बोलायला तर हवंच होतं. पण बोलायचं कुठून? शनिवारी त्यानं वर सज्जाकडे पाहिलं तर जेरुशा आधीपासूनच खाली बघत होती. त्याचं पुस्तक हातातून पडलं.

तिसऱ्या रविवारी मिठागरावर. हा देखावा जेरुशानं निवडला होता. पांढरे ढीग, आरशासारखे पाण्याचे वाफे, वर निळं आभाळ. मीठ ओढायला आलेली करंजाड्याची ठमाबाई फावडं टेकून बघत उभी राहिली.

"कंचं शूटिंग हाय?"

"लग्नाचा फोटो आहे बाई," मावशी म्हणाली.

"मंग नवरा कुटं हाय?"

"अहमदाबादेत."

"आनि ह्यो कोन फडक्यात घुसलाय? घुबडावानी?"

जेरुशा खळखळून हसली. घुबड फडक्यात घामाघूम झालं होतं. काचेवर पांढरे ढीग वरून लोंबत होते, त्यांच्यामध्ये मोरपंखी पातळ. एलिजा बाहेर आला, डबा लावला, फुगा हातात घेतला.

"मुळीच हसायचं—"

"पट्टी," जेरुशा म्हणाली.

"काय?"

"पट्टी ओढा, मास्तर. गाढीवर विसरलात. बंदरावर विसरला नाहीत, हात लावून सोडलीत. मी बघत होते."

वारा पडला. ठमाबाईनं फावडं या हातातून त्या हातात घेतलं. मावशीची छत्री हळूहळू खाली आली.

एलिजाला सुचलं ते एकच. तो पुन्हा फडक्यात शिरला. आतून आवाज आला, "तुम्ही... तुम्ही बोलला का नाहीत मग?"

"मला कुठे अहमदाबादला जायचं होतं? आता सांगा, ही तिसरीही कोरी काढणार, की काही बोलणार?"

"बोलतो." फडकं बोललं. "बाहेर येऊन जमणार नाही. इथूनच बोलतो. इथून मला तुम्ही नेहमी उलट्याच दिसता. पण मी सहा वर्षं सरळच बघतोय. वर. सज्जाकडे. जेरुशाबाई, तुमचा फोटो मी कुणालाही पाठवायला तयार नाही!"

"आरं पोरा, मानूस हायस तर भायेर ये!" ठमाबाई ओरडली.

एलिजा बाहेर आला, पण फडकं डोक्यावर तसंच. आंधळेपणानं दोन पावलं पुढे टाकली ती थेट वाफ्यात. गुडघ्यापर्यंत खारं पाणी! पाणी उडालं, फडकं उडालं, आणि समोर जेरुशा उभी. सुलटी. अगदी हातभर अंतरावर.

"ठीक आहे," ती म्हणाली, लाल होत. "माझी हरकत नाही."

"माझी आहे!" मावशी किंचाळली. "उद्या टपालात काय टाकू? मलिद्याचं काय?"

"पोरीचं ठरू दे, एवढंच बोलली होतीस ना?" जेरुशा म्हणाली. "ठरलं की. उन्हात, उघड्यावर, देखाव्यासकट."

मावशीनं जेरुशाकडे पाहिलं, मग मीठ चिकटलेल्या त्या ध्यानाकडे. ओठ आवळले. आवळून आवळून काही उपयोग झाला नाही. छत्री पोटाशी धरून ती इतकी हसली की टेकायला तिला मिठाचा ढीग लागला.

"घुबड तर घुबड," डोळे पुसत ती म्हणाली. "पण घुबड गावातलं आहे. आण तो फुगा इकडे."

एलिजानं जाऊन पट्टी ओढली, चांगली हातात धरून दाखवली आणि ओल्या विजारीनिशी धावत जेरुशाशेजारी उभा राहिला.

"हसू नका रे!" मावशीनं दम दिला, आणि टांग्याचा भोंगा असल्यागत फुगा चार वेळा दाबला.

काच उत्तम निघाली. पहिल्यांदाच एलिजानं पेन्सिल लावली नाही. एक प्रत स्टुडिओत त्या जिन्याच्या पडद्यावरच टांगली, हंस कायमचे झाकून. दुसरी प्रत सोमवारी मावशीनं अहमदाबादला खरोखरच धाडून दिली. खरं ऊन, खरी मुलगी मागितली होती ना, मग बघा म्हणावं!

आठ दिवसांनी, मलिद्याचे पोहे भिजत असताना, उत्तर आलं. "फोटो पावला. मुलगी पसंत आहे. देखावाही उत्तम. फक्त शेजारी ओल्या विजारीत उभे असलेले गृहस्थ कोण, ते कळवावे."

मावशीनं तिथल्या तिथे कार्ड लिहिलं, "ते फोटोग्राफर. आता आमचे जावई."