बुधरीबाईचा सिनेमा

बुधरीबाई धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलगावची. साठी ओलांडलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मोहफुलाच्या दिवसांत तिला झाडाखालून उठवायची कोणाची हिंमत नाही. धनराज नावाच्या पोराने तिला घेऊन सिनेमा काढला, अठरा लाखांत. शूटिंग तिच्याच अंगणात, लुगडं तिचं, कोंबड्याही तिच्याच.

मी खुशाल, गडचिरोलीतल्या एका टॉकीजचा मॅनेजर. वीस वर्षांत माझी सिनेमाची सगळी पारख दोन प्रश्नांवर येऊन थांबली होती: खर्च किती आणि गल्ला किती? मार्चअखेर धनराज आला तेव्हा मी तेच विचारलं. अठरा लाख ऐकून मला हसूच आलं. एवढ्यात आजकाल धड लग्न होत नाही, म्हटलं.

"खुशालभाऊ, आधी पाहून तं घ्या," तो म्हणाला.

"मी काऊन पाहू? पब्लिक पाहीन."

"मंग पंधरा दिवस थांबा. आता मोहफूल पडून राह्यलं. गावंच्या गावं झाडाखाली हायेत. कोण येईन?"

मी थांबलो नाही. तो शुक्रवार रिकामा होता आणि पुढच्या शुक्रवारी तीनशे कोटींचा सिनेमा लागायचा होता. धनराजचा सिनेमा लावला. पहिल्या दिवशी नऊ तिकिटं गेली, दुसऱ्या दिवशी सहा. सोमवारी उतरवला आणि त्याला फोनवर ऐकवलं, "शिनेमा कसा हाय ते गल्लाच सांगते ना." मी तो सिनेमा पाच मिनिटंसुद्धा पाहिला नव्हता.

तीनशे कोटींचा सिनेमा तीन दिवस हाउसफुल्ल गेला. चौथ्या दिवसापासून खुर्च्या ओस. दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी जेमतेम चार तिकिटं गेली होती. पाचाच्या खाली माणसं असली की आम्ही शो रद्द करतो. तेवढ्यात बुधरीबाई आली, सोबत तिचा नवरा कोलू. मोहफूल वेचून झालं, वाळवून झालं, तशी दोघं एसटीने निघाली होती. बाईच्या अंगावर नवं लुगडं होतं. धनराजच्या सिनेमाचं पोस्टर भिंतीवरून काढायचं राहून गेलं होतं. कोलू एकदा पोस्टरवरच्या बायकोकडे बघे, एकदा शेजारच्या.

"भाऊ, आमचा शिनेमा इथीच हाय ना?" बाईने विचारलं.

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी हो म्हणालो आणि दोन तिकिटं फाडली. माझा शो वाचला. हे सांगतानाही मला माझी लाज वाटते.

मध्यंतरात ती माझ्याकडे आली. "भाऊ, मी कवा दिसन?"

"पुढं हाय," मी म्हणालो. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही. आत गाड्या उडत होत्या, इमारती कोसळत होत्या, आणि ती दोघं पुढच्या रांगेत मान वर करून बसली होती.

शो सुटला. बाई पदराने डोळे पुसत बाहेर आली. मला वाटलं, तिला कळलं. ती ओशाळून म्हणाली, "भाऊ, मधात माहा डोया लागला. तवाच येऊन गेली असन मी."

"येवढा मोठा शिनेमा," कोलू तिला समजावत म्हणाला. "त्यात तुले किती येळ दाखवतीन?"

जाताना तिने माझ्या हातात वाळल्या मोहफुलांची पुरचुंडी ठेवली. धनराजचा सिनेमा लावला म्हणून.

त्या रविवारी मी धनराजकडून सिनेमा मागून घेतला आणि घरी एकट्याने पाहिला. बुधरीबाई पहिल्या दृश्यात आहे, शेवटच्या दृश्यात आहे, मधल्या दीड तासात तिच्याशिवाय जवळपास कोणी नाही. ती मोहफुलं वेचते, भांडते, एकटी असताना हसते. वीस वर्षांत पडद्यावर असं माणूस मी पाहिलं नव्हतं. कितीदा तरी सिनेमा थांबवून मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

धनराज म्हणतो, चला भाऊ, तिच्या अंगणातच पडदा लावू, प्रोजेक्टर माझा. मी दर वेळी कामाची सबब सांगतो. तिने तो सिनेमा पाहायलाच हवा, हे मलाही कळतं. पण पहिल्याच दृश्यात तिला स्वतःचा चेहरा दिसेल, आणि त्या दुपारी आपला डोळा लागला नव्हता हेही कळेल. तेव्हा ती मागे वळून माझ्याकडे बघेल.

म्हणून मी अजून गेलो नाही.