सहाणेवरचं गाऱ्हाणं

देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. शिमग्यात पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, टेकली की आमच्यातल्या एका पुरुषाने पुढे व्हायचं, हातात नारळ धरून गावाचं सुखदुःख देवाला सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यामागून सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. हे काम थोरले काका करत आले होते. त्या वर्षी मात्र त्यांनी ठरवलं की यंदा त्यांचा मुलगा उभा राहील. तो सोळा वर्षांचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. पाहुणे आले की हा गोठ्यात जाऊन बसायचा, इतका लाजरा.

"मी मेल्यावर उभा ऱ्हायलास आनि चुकलास, तर सावरनार कोन?" काका त्याला म्हणाले. "माज्या डोळ्यांदेखत शिक."

शिकवणी गावावरच्या उघड्या माळावर, सड्यावर चालायची. कातळाच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला करवंदीच्या जाळीपाशी मी. त्याचं बोलणं ऐकू आलं की मी हात वर करायचा, एवढंच माझं काम. सुरुवातीला माझा हात काही वर जाईना आणि मध्ये उभे असलेले काका कपाळ बडवून घेत. "देव काय तुज्या खिशात बसलाय? मोट्यान बोल!" खरं सांगायचं तर पुढेपुढे ऐकू येऊनही मी ढिम्म उभी राहायची. दादाला चिडलेलं बघायला मजा यायची, आणि चिडला की त्याचा आवाज मोकळा व्हायचा. एका संध्याकाळी तो असा काही पोटातून ओरडला की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. काका त्या दिवशी हसतच घरी आले.

मग त्यांनी त्याला घरोघरी धाडलं. देवांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची ते ठरलेलं असतं, पण पुढचं सगळं गावातून गोळा करावं लागतं. कोणाचा बैल बसलाय, कोणाच्या सुनेला मूल नाही, कोणाचा पोरगा मुंबईत तापाने पडलाय. गोठ्यात लपणारा दादा आता लोकांच्या ओटीवर बसून गूळपाणी घ्यायला लागला. म्हातारी माणसंसुद्धा त्याच्याशी आवाज खाली आणून बोलत. आमच्याकडे आला तेव्हा आईने मला पाण्याला पिटाळलं. मी परतले तर दादा निघून गेला होता आणि आई नेहमीपेक्षा जोरात भात कांडत होती.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गेली दोन वर्षं ते ना शिमग्याला आले, ना गणपतीला. रजा मिळत नाही, असं आई सगळ्यांना सांगायची, मलाही. मी तेच विहिरीवर मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगायची.

सहाणेवर दादा काकांचं पागोटं घालून उभा राहिला. आवाज खणखणीत. देवांची नावं झाली, पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली. हा माझा दादा, अशा तोऱ्यात मी बायकांच्या घोळक्यात पुढे सरकले. तेवढ्यात तो म्हणाला, "आनि म्हाराजा, माजा धाकटा काका ममईत दुसरं घर करून बसलाय. दोन वर्सा कागद नाय. माज्या काकीनं तोंड दाबून किती सोसायचं? त्याला बुद्धी दे!"

सवयीने, कसलाही विचार न करता, अख्खं गाव एका सुरात ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

आणि मग एकदम गप्प झालं. गावाला कळलं त्याच क्षणी मला कळलं. विहिरीवरच्या मैत्रिणी मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. आईच्या पदराआड शिरावं म्हटलं, तर आई पदर डोक्यावर घट्ट धरून स्वतःच कुठे शिरू अशी उभी होती.

अशी दुखणी उघड बोलायची नसतात. त्या जागी काका नुसतं म्हणायचे, "ज्याच्या त्याच्या मनात असंल ते जानून घे म्हाराजा," आणि ज्याने त्याने आपलं मनात म्हणायचं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की शिकवायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी दादाच्या हातातून नारळ काढून घेतला आणि उरलेलं गाऱ्हाणं स्वतः पुरं केलं.

पालखी घरोघर फिरत आमच्या अंगणात आली. आईने सारवण केलं होतं, ओटीचं ताट मांडलं होतं. मी दाराआड उभी होते, तिने दंड धरून मला बाहेर ओढलं. "आपून काय पाप केलंय?" मला उत्तर माहीत होतं, तरी मान वर होईना.

नारळ घेऊन काका पुढे झाले. दादा सगळ्यांच्या मागे होता. थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडणारी माझी आई म्हणाली, "भावजी, तुमी नको. त्यालाच सांगू दे."

काका बाजूला झाले. दादाने नारळ घेतला. "काकी, काय सांगू?"

"माज्या लेकीला सुखी ठेव म्हन. मला कष्टाला हातपाय दे म्हन. आनि खाली बघू नको."

तो बोलू लागला. आधी चाचरत, मग नेहमीच्या आवाजात. लोक साथ देऊ लागले. मग केलेलं सावरायला म्हणून की काय, त्याने मनचंच घातलं, "आनि माज्या काकाला घरी आन म्हाराजा!"

"नको म्हाराजा," आई म्हणाली. "ते हायत तिथं सुखी ऱ्हावंदेत. हितं नको."

नको म्हणणारं गाऱ्हाणं गावाने कधी ऐकलं नव्हतं. लोक काकांकडे बघू लागले, काका जमिनीकडे. तेव्हा दादाच स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्याच्या मागून मग सगळ्यांनी म्हटलं.

माझ्या तोंडून ते निघालं नाही. मला माझा बाप हवा होता, आणि तो अजून हवासा वाटतो याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.