हयचीच

आमच्या लाटंबार्से गावात पौष महिन्यात बायका मांडावर, म्हणजे ठरलेल्या पवित्र अंगणात, रात्री गात-नाचत धालो खेळतात. पहिलं गाणं सुरू करायचा मान आमच्या घराचा. तो सासूकडून सुनेकडे जातो, लेकींना मिळत नाही. गाण्याआधी जुन्या मानकरणींची आठवण काढायची, पण नावाने नाही, माहेरच्या गावाने: केरीची, तिची सून पार्सेची, असं करत माझ्यापर्यंत. माझं माहेर याच गावात, चार घरं सोडून. म्हणून मी नुसती ‘हयचीच’, म्हणजे इथलीच. मला त्याचा भारी राग. सगळ्यांना एकेक गाव, आणि मी तेवढी बिनगावाची.

यंदा माझे गुडघे धरले, म्हणून सून पुढे झाली. ती बेळगावची. घाटावरची मानकरीण म्हणून दोघीतिघींनी आधीच नाकं मुरडली होती. तिने सगळ्या जणी न अडखळता म्हटल्या, मीही त्यात आले, आणि शेवटी स्वतःची पाळी आली तेव्हा ती ठासून म्हणाली, “हयचीच.”

सगळ्या हसल्या. एका घरात दोन हयच्या कशा चालतील, अशी कुरकुर कोणीतरी केलीच. मी बसल्या जागेवरून सांगितलं, “ता तिका ऱ्हवांदे. बेळगाव मोकळा पडला, ता माका द्या.”