एकेक पार्ट बाद करताना

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमचं बौद्ध कुटुंब. उतारा, अंगारा, नजर यातलं काहीही आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आलेलं नाही. त्यात माझं काम टेक सपोर्टचं. लोकांचे कॉम्प्युटर बंद पडले की मी घरून फोनवर सांगते — आधी प्लग बघा, मग केबल, एका वेळी एकच गोष्ट बदला, नवे पार्ट घ्यायची घाई नको. आणि माझाच कॉम्प्युटर चालू कॉलमध्ये बंद पडायला लागला...

वारज्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नवरा, संजय, कामावर गेला की घरात मी आणि सासूबाई. कंपनीने मला अजून कायम केलेलं नव्हतं. कॉल असेच तुटत राहिले तर नोकरी जाईल, हे मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं.

बरं, बंद कधी पडायचा? सासूबाई विहारात नाहीतर भाजीला बाहेर पडल्या, दार लागलं, की थोड्याच वेळात स्क्रीन काळी. त्यांना माझी नोकरी पसंत नव्हतीच. "दिवसभर परक्यांचं ऐकून घेतेस, घरच्यांचं तेवढं ऐकू येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा संशय पक्का झाला. जाता जाता बाई काहीतरी करतात!

तरी मी शिस्तीत गेले. सॉकेट बदललं, केबल बदलली, यूपीएस काढून प्लग थेट भिंतीत लावला. दार स्वतः दाणदाण आपटून पाहिलं... काही नाही. शेवटी स्विचबोर्डसमोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. त्यात सासूबाई चपला घालताना दिसल्या. बोर्डाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दार लागलं आणि जरा वेळाने कॉम्प्युटरचा दिवा गेला.

मग दुरुस्तीचं दुकान गाठलं. सासूबाई सोबत आल्याच. "हे लोक आतलं चांगलं काढून घेतात," म्हणत त्यांनी आधी प्रत्येक पार्टवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि दुकानात स्टूल ओढून पहाऱ्याला बसल्या. कॉम्प्युटर दिवसभर चालला. दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, याला काहीही झालेलं नाही."

नंतर सासूबाई मांजरी गावी नणंदेकडे राहायला गेल्या. आता तर कॉम्प्युटर सुरूच होईना. मी एकटी तो दुकानात घेऊन गेले. तिथेही तेच. दुकानदाराने एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, स्वतःचा लावून पाहिला. ढिम्म!

"मागे तर चालला होता," तो डोकं खाजवत म्हणाला. "त्या दिवशी वेगळं काय होतं?"

मी स्टुलाकडे पाहिलं.

"सासूबाई होत्या."

"मग त्यांनाच बसवा आत," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सासूबाई परतल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मी बटण दाबलं... चालू! मैत्रिणीचा लॅपटॉप आणला, बॅटरी पूर्ण भरलेली. सासूबाई बाहेर गेल्या तसा तोही गेला. मग मात्र मी त्यांना सगळं सांगून टाकलं, मोबाईल लावला होता तेसुद्धा.

त्या हसल्या नाहीत. नणंदेचं बाळंतपण जवळ आलंय, त्यांना मांजरीला बरेच दिवस राहायचंय. "मला अडकवायला रचलंस का गं हे?" त्यांनी विचारलं. मला रडूच आलं.

मग त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर संशय घेऊन झाला, माझ्यावर घेऊन झाला. मी गेल्यावर घरात उरतं कोण? आपण दोघी बाहेर जाऊ. संजूला रजा टाकून बसव त्याच्यापुढे. बघू चालतो का."

त्यांचं बरोबर होतं. एक मला सोडून सगळं बाद करून झालं होतं.

रविवारी त्या मांजरीला निघतील. संजय रोज विचारतो, "टाकू का रजा?" आणि मी रोज म्हणते, "नको, थांब."