पाच नंबरचा सूर

ऑर्केस्ट्रात सगळे त्यांना छडीसर म्हणत. तोंडावर नुसतं 'सर', पाठीमागे छडीसर. सर रागावले की ओरडत नसत. ताल दाखवायची हातातली छडी खाली ठेवत, चष्मा काढून पुसत आणि सत्तर वादकांसमोर एकाच माणसाकडे बघून हळू आवाजात म्हणत, "तुमचं झालं की सांगा, मग आम्ही बाकीचे वाजवू." ज्याला ते म्हणत, त्याला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं होऊन जाई. यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या परवडल्या, असं ट्रॉम्बोनवाले उघड बोलत. पण त्याच ट्रॉम्बोनवाल्यांना कुणी बाहेरच्याने विचारावं, तुमच्या सरांचा कान कसा? लगेच उत्तर येई, "सोनाराचा काटा हो. गुंजभर इकडचं तिकडे चालायचं नाही."

आणि तेही खरंच होतं. सरांनी कुणाचा वशिला लावला नाही, कुणाचा चालू दिला नाही. मावसभावाचा मुलगा बासरी घेऊन आला होता, त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवला. मावसभाऊ त्यानंतर पंधरा वर्षं बोलला नाही. न बोलला तर न बोलला!

सर चेलोकडे, म्हणजे त्या माणसाएवढ्या व्हायोलिनकडे, वळले तेच मुळी नाइलाजाने. वडील इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होते. शाळेत संगीताच्या तासाला व्हायोलिनं वाटून संपली, तेव्हा शिल्लक राहिला पोटाला चीर गेलेला एक चेलो आणि शिल्लक राहिला हा लंबूटांग पोरगा. शिकवणाऱ्या बाईंनी दोघांची गाठ घालून दिली. घर चौथ्या मजल्यावर. आपल्याएवढं धूड पाठीवर घेऊन पोरगा जिना चढू लागला की मजल्यामजल्यावरच्या बायका दार उघडून म्हणत, "आला बाई, कपाट घेऊन आला!" वडिलांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलगा वाजवायला बसला की ते बूट काढून मोज्यांवर चालत, खोकला आला तर बाहेर जिन्यात जाऊन खोकत. सर हे पुढे कधी कुणाला सांगत नसत.

तेविसाव्या वर्षी त्यांना ऑर्केस्ट्रात चेलोची शेवटची खुर्ची मिळाली. अकरा वर्षांनी पहिली. मग एकदा ऐन कार्यक्रमाच्या सकाळी मुख्य संचालकांची कंबर धरली. माणूस पलंगावरून उठेना. पहिल्या व्हायोलिनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "माझं मलाच सांभाळवत नाही, सत्तर जण कुठे सांभाळू? चेलोवाल्याला विचारा, त्याला सगळ्यांचं ऐकायची खोड आहे." सर छडी घेऊन उभे राहिले, आणि कार्यक्रम असा झाला की कंबर बरी झाल्यावरही निम्मे कार्यक्रम त्यांच्याकडेच राहिले. एक आठवडा चेलो, एक आठवडा छडी. त्यांच्या आईने शेजारणीला मोठ्या कौतुकाने सांगितलं, मुलगा आता कंडक्टर झाला. शेजारीण म्हणाली, "बरं झालं हो, कुठल्या बसवर?"

बायको ऑर्केस्ट्राच्याच नाट्यगृहात कपड्यांच्या खात्यात शिवणकामाला होती. कोटाचं माप घेताना तिने विचारलं होतं, "डावा खांदा बोटभर खाली का?" चेलोमुळे, असं म्हणाल्यावर, "मग डावीकडे कापूस घालते, जगाला कळायचं नाही," असं ती म्हणाली, आणि तिथेच सरांचं लग्न ठरल्यासारखं झालं. त्यांना एकच मुलगी. तिला चेलो शिकवला खुद्द बापाने, आणि शिकवताना त्यांच्या जिभेला हाड म्हणून राहत नसे.

मुलीला एक खोड होती. गज तारेवर टेकवण्याआधी ती नाकाने जोरात श्वास ओढायची. आता ही खोड आली कुठून? बापाकडूनच. सर पहिल्या खुर्चीवर बसून असाच श्वास ओढत आणि त्या आवाजावर मागचे सगळे चेलो एकदम सुरू होत. पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कुणाला दिसतं? "काय गं, पाण्यात उडी मारतेस का?" ते म्हणत. "वाजव. धापा टाकू नकोस." पोर रडायची, डोळे पुसायची, पुन्हा गज उचलायची आणि पुन्हा श्वास ओढायची. कान मात्र बापावर गेला होता. खरं सांगायचं तर बापाच्याही वर. शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी कुठला सूर तो ती सांगायची.

पण नुसत्या कानाने खुर्ची मिळत नाही. ऑर्केस्ट्रातली खुर्ची रिकामी होते ती कुणी निवृत्त झालं तर, नाहीतर मेलं तर. मुलगी बदली वादक म्हणून गावोगाव हिंडू लागली. कुणी आजारी पडलं की हिला बोलावणं, तो बरा झाला की हिची पाठवणी. अशी नऊ वर्षं गेली. ती तेहतिसाची झाली, आणि सरांच्याच ऑर्केस्ट्रात चेलोची एक खुर्ची रिकामी झाली. पुढची व्हायला बारा-पंधरा वर्षं तरी लागली असती. "बाबा," ती म्हणाली, "या वेळी नाही झालं तर मी थांबते. दुसऱ्यांच्या खुर्च्या ऊबदार ठेवायचा कंटाळा आला."

निवडीची तिथली पद्धत कडक. पाच परीक्षक पडद्याच्या अलीकडे, उमेदवार पलीकडे. नाव नाही, नुसता नंबर. बुटांच्या आवाजावरून बाई की बाप्या हे कळू नये म्हणून पलीकडे जाड गालिचा. उमेदवाराने खाकरायचंही नाही. संचालकाचं मत सगळ्यात शेवटी. सर पहिल्या व्हायोलिनवाल्याला म्हणाले, "माझी मुलगी आहे यात. मी बाजूला होतो." तो म्हणाला, "पडदा आहे ना? पडद्याला कसलं आलंय नातं?" सरांनी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत.

शेवटच्या फेरीत दोनच उरले, तीन नंबर आणि पाच नंबर.

पडद्यामागे तीन नंबरची खुर्ची सरकली. क्षणभर शांतता. आणि मग नाकाने ओढलेला तो श्वास! सरांनी ओळखलं. ही आपली पोर. इतक्या वर्षांत सुटली नाही ती खोड आज कशी सुटेल? तीन नंबरने चांगलं वाजवलं. नेटकं, प्रामाणिक, कुठे चूक नाही. सर मनात म्हणाले, शाबास. आणि लगेच म्हणाले, पण आणखी हवं होतं गं.

मग पाच नंबर. श्वासाचा आवाज नाही, काही नाही, एकदम सूर. आणि काय सूर होता तो! पहिल्या चार मात्रांत सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. खालच्या तारेवर आवाज जमिनीतून आल्यासारखा, आणि वरच्या अवघड जागांवर बोट असं पडत होतं की जागा बोटाची वाटच बघत बसली असावी. पाच नंबर सरस होता. यात मत द्यायलाही काही उरलं नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

दोन मतं तीनला पडली, दोन पाचला. चौघांनी सरांकडे बघितलं. सरांच्या डोळ्यांपुढे आली ती पाठीवर चेलो घेऊन कुठल्या तरी परक्या स्टेशनावर उभी असलेली पोरगी. आयुष्यभर कुणाला एक गुंज जास्त दिली नाही. मावसभाऊ गेला, मित्र तुटले. एकदा, फक्त एकदा. त्यांनी कागदावर तीनचा आकडा काढला आणि कागद उलटा ठेवला.

कार्यालयातल्या बाईंनी यादी उघडून नाव वाचलं. तीन नंबर म्हणजे दोन वर्षं सरांच्याच शेजारी, त्यांच्याच नोटेशनच्या स्टँडवर बदली म्हणून बसलेली ठेंगणी, चष्मेवाली मुलगी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शेजारी बसून बसून तिने सरांचा श्वास उचलला होता. आणि पाच नंबर?

"अरेरे सर," बाई हळूच म्हणाल्या, "तुमची मुलगी." पहिल्या व्हायोलिनवाल्याने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "पोटच्या पोरीला नाही म्हणालास, गड्या. असा माणूस होणे नाही." सगळ्या इमारतीत ती गोष्ट तासाभरात पसरली. ट्रॉम्बोनवाले उठून उभे राहिले.

सरांनी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं असतं तर निवड रद्द, अब्रू गेली, छडी गेली, आणि त्या चष्मेवालीच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. ही सगळी कारणं खरी होती. सगळ्यात खरं कारण हे की त्यांची छाती झाली नाही. ज्याने जन्मभर लोकांची चूक चारचौघांत दाखवली, त्याला स्वतःची एक दाखवता आली नाही.

संध्याकाळी मुलगी घरी आली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. आईने ताट वाढलं, ते तिने बाजूला सरकवलं.

"श्वास तरी नाही ना ऐकू आला, बाबा? वर्षभर दातांत पेन्सिल धरून सराव केलाय. तोंड उघडं राहिलं की नाक वाजत नाही. तुम्हाला चकित करायचं होतं."

सर पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. "नाही आला," ते म्हणाले.

"मग काय कमी पडलं? तुम्ही कुणाचं मन राखत नाही, माझंही राखू नका. पाच नंबरमध्ये काय कमी होतं?"

आता बोला. बाप नुसता "काही नाही" म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न येणारच होता, मग मत कुणाला दिलं आणि का. सरांनी घाईघाईने जे हाताशी आलं ते उचललं. "वरच्या जागांवर," ते म्हणाले, "सूर केसभर उतरत होता."

मुलीने डाव्या हाताची बोटं टेबलावर दाबून बघितली. मग मान हलवून म्हणाली, "मला वाटलंच."

मेलेल्या माणसासारखे सर खुर्चीत बसून राहिले. तिला कसलं वाटलंच? असं काही झालंच नव्हतं! पण बापाने सांगितलं म्हणजे झालंच असणार. लहानपणापासून ती हेच शिकली होती. बायको ताट उचलता उचलता थांबली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं ती त्या खांद्यात कापूस भरत आली होती. रात्री ती एवढंच म्हणाली, "अहो, पोरीला काय सांगितलंत तुम्ही हे?" सरांनी कूस बदलली.

मुलीने थांबायचं म्हटलं होतं, पण थांबली नाही. दोष कळला म्हणजे तो काढता येतो, अशी तिची समजूत. तिने सूर दाखवणारं यंत्र आणलं. बरोबर लागला की हिरवा दिवा, चुकला की लाल. सगळे सूर हिरवे यायचे, म्हणून तिने यंत्र बिघडलंय असं ठरवलं आणि दुसरं आणलं. मग एक दिवस सर तिच्या खोलीवर गेले, तर चेलोच्या मानेवर बोटं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. पहिलीतल्या पोरांच्या वाद्यावर असतात तशा. ज्या पोरीने पडलेल्या चमच्याचा सूर ओळखला, ती मान वाकवून पट्ट्या बघत वाजवत होती. सर दारातूनच मागे वळून जिना उतरले.

कान गेला नव्हता. कानावरचा विश्वास गेला होता, आणि तो गेला की हात चाचपडतो. गावोगावची बोलावणी कमी झाली. एका संचालकाने सरांनाच फोन करून विचारलं, "मुलीचं काय झालंय हो? हल्ली सूर चढा लागतो तिचा." सर म्हणाले, बघतो. इकडे चष्मेवाली रोज वेळेवर येऊन आपल्या खुर्चीवर बसायची, सरांना वाकून 'नमस्ते' म्हणायची, आणि तिचा काही दोष नव्हता.

दीड वर्षाने सरांनी छडी परत केली. कारण विचारलं तर म्हणाले, खांदा दुखतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीकडे गेले. ती वाजवायला बसतच होती. सर दारातच उभे राहून, एका दमात सगळं बोलले. श्वास, तीन नंबर, कागदावरचा आकडा, सगळं. "तुझा सूर उतरत नव्हता गं. एकही नाही. तू सगळ्यांत चांगली होतीस. मी लबाडी केली, आणि मग ती झाकायला खोटं बोललो."

मुलीने ऐकून घेतलं. मग ती हसली. म्हाताऱ्या माणसाला समजून घेताना हसतात तशी.

"आईने पाठवलं ना तुम्हाला? हिचं मन राखा म्हणून?"

"अगं, देवाशपथ सांगतो..."

"बाबा, तुम्ही आणि लबाडी? बाहेर कुणाला सांगाल तर हसतील लोक." तिने उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या बापाने असं तोंडावर खरं सांगितलं नसतं. सगळे गोडच बोलतात हो. तुमचं ते एक वाक्य आहे, त्याच्या जोरावर तर चाललंय माझं. ते तरी नका काढून घेऊ."

सरांनी पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. आता कुणाची शपथ घ्यायची आणि कुणाला साक्षीला आणायचं?

ती परत चेलोशी बसली. वरच्या अवघड जागेवर बोट ठेवलं आणि गज ओढला. सूर नेमका लागला. यंत्रावर हिरवा दिवा लागला, सरांनी पाहिला, तिनेही पाहिला. मग तिने नाराजीने मान हलवली आणि बोट केसभर वर सरकवलं.