कवड्यांची वाटणी

कवडी म्हणजे समुद्रातल्या एका बारक्या गोगलगायीचं घर. जिवंत असेपर्यंत ती आपल्या मऊ अंगाने कवच बाहेरूनही झाकून ठेवते, म्हणून ते इतकं गुळगुळीत राहतं. हे मी अलीकडे वाचलं. माझ्या आईने समुद्र पाहिलेला नाही. तिची कवडी तुळजापूरच्या देवीची. सासूने घातलेली कवड्यांची माळ गळ्यात आणि परडी हातात घेऊन ती दर मंगळवारी पालममध्ये पाच घरी जोगवा मागायची. जी जोगवा मागेल तिच्याच गळ्यात माळ, असा आमच्या घरचा नियम.

गेल्या नवरात्रात तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. घटापुढे तिन्ही सुनांना बसवून तिने विचारलं, "माळ कुणाच्या गळ्यात घालू?"

थोरली वहिनी शिक्षिका. ती म्हणाली, "आत्याबाई, मी जोगवा मागायलेय अन दार उघडायला माझ्याच वर्गातलं पोरगं. बरं दिसंल का?"

"मला तर गल्लीतल्या कुत्र्यांचंच लय भ्या वाटतंय," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या. माझी बायको हसली नाही, पण तिनेही मान वर केली नाही.

"मग तुळजापूरला न्या अन देवीच्या पायाशी ठिवा," आई म्हणाली. "पर माळ मोडू नका."

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवरून पीठ घेऊन आलो, तर थोरला भाऊ ओसरीवर ब्लेडने दोरा कापत बसलेला. आई आंघोळीला गेली होती.

"अरे, मायनं काय सांगितलं होतं?"

"देवीला काय कवड्या कमी हायेत का? गाडीला बांधल्या तर नजर लागत न्हाई."

माळेत चाळीस कवड्या होत्या. तिघांना तेरा-तेरा, एक उरली. ती त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "माझ्याकडं ट्रॅक्टर बी हाय न."

माझ्या वाट्याच्या त्याने कॅरीबॅगमध्ये बांधून दिल्या. मी त्या तशाच आईपुढे ठेवल्या. तिने गाठ सोडली नाही.

"सुट्या कवड्या घेऊन मी काय करू, बाबा?"

महिनाभराने तिला गुडघे दाखवायला परभणीला न्यायचं होतं. थोरला भाऊ गाडी घेऊन आला. आतल्या आरशाला काळ्या दोऱ्यात कवड्या लोंबत होत्या. तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "बघ माय, तुझी देवी पुढंच बसलीय."

"बसली कुठं? तू तर तिला फाशी दिलीस." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "एसटी कवा हाय?"

"लय हेकट हाय ही," असं मला ऐकवून तो निघून गेला.

एसटीत जागा मिळाली ती मागच्या चाकावर. खड्डा आला की आईचा हात सवयीने गळ्याकडे जायचा. तिथे धरायला काही नसायचं. मग ती पुढच्या सीटचा दांडा धरायची.