कानाच्या मशीनचा सेल

आजवर मी लोकांना काय काय सांगितलं नाही? त्र्यंबकच्या घाटात बिबट्याच्या तोंडावर बॅटरी मारून त्याला परत पाठवल्याचं सांगितलं. सटाण्याच्या एका डाळिंबात आमचं आख्खं घर जेवल्याचं सांगितलं. जे घडलंच नाही ते सगळं सांगून झालं. जे घडलं — ते हे एकच राहिलं. बायकोलासुद्धा माहीत नाही.

गोष्ट माझ्या चुलतभावाची, दादाची. अंबडच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर उभं राहून राहून त्याचे कान गेले. रिटायर झाला तेव्हा शेजारी ढोल बडवला असता तरी त्याला वाटलं असतं, कुणी चहाचं विचारतंय. इंदिरानगरात आमची घरं समोरासमोर. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर आमची टोळी बसायची. मी बोलायचो आणि दादा माझ्या तोंडाकडे बघत सगळ्यांच्या आधी हसायचा. कळायचं काय त्याला? काही नाही. पण असा श्रोता, सांगतो तुम्हाला, मला पुन्हा मिळाला नाही.

माझी हुकमाची गोष्ट पुराची. गोदावरी फुगलेली, घाटावरचा उंच दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत पाण्यात, पायरीवरून एक फुलवाली घसरते — आणि मी उडी टाकतो! सुरुवातीला फुलवाली एकच होती. पुढे तिची बहीण आली. मग एक म्हैस आली. म्हशीला मी शेपटीला धरून काढायचो.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. दादाच्या मुलाने बडोद्याहून येऊन बापाला कानाचं मशीन घेऊन दिलं. जुन्यासारखं खिशात डबी ठेवायचं नव्हे — शेंगदाण्याएवढं, कानामागे बसणारं. दुकानातल्या मुलीने ते वायरीने कॉम्प्युटरला जोडून दादाच्या कानाच्या मापाने बसवलं. म्हणे माणसाचं बोलणं कुठलं आणि रिक्षाचं फटफट कुठलं, हे ते आपलं आपण ओळखतं, बोलणं पुढे आणतं, बाकीचं मागे ढकलतं. मी कट्ट्यावर जाहीर केलं, दादाला आता गंगापूर धरणातले मासे कुजबुजताना ऐकू येतील!

दादाला मासे नको होते. त्याला बडोद्याची नात हवी होती, चिऊ. नुकती बोलायला लागलेली. मशीन लावल्यावर पहिल्या रविवारी फोन आला. तिने विचारलं, ‘आबा, तुम्ही कधी येणार?’ हे वाक्य दादाने दिवसभर सगळ्यांना ऐकवलं. इस्त्रीवाल्यालाही. तिच्या आवाजात.

आणि त्याच आठवड्यात मी कट्ट्यावर पूर काढला. का काढला? सवय. माझी म्हैस अजून पाण्यातच होती, तेवढ्यात दादा मोठ्याने म्हणाला, “ए बाळ्या, तू कधी उडी मारली रे? तू तर पायरीवर माझा शर्ट धरून उभा होता!”

कुत्सितपणा नव्हता हो त्यात. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. पण टोळीला हसू फुटलं. “बाळूशेठ, शर्ट तरी कोरडा ठेवला ना?” दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानेही शर्टाची चौकशी केली. मी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

मशीनचा सेल आठ-दहा दिवसांनी बदलावा लागायचा. डाळीएवढा सेल, दादाची बोटं जाड, वहिनी असल्या वस्तूंना हात लावायला घाबरायच्या. म्हणून ते काम माझ्याकडे. शर्टाच्या त्या प्रकारानंतर बदलायची वेळ आली, तेव्हा मी संपलेला सेल काढला, पुसला — आणि तोच परत घातला. नवा खिशात टाकला.

हे लिहायला इतका वेळ का लागला? एवढंच तर आहे.

दादाने मशीन दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. मग म्हणाला, दुकानात दाखवून आण. मी मशीन घेऊन निघालो, कॉलेज रोडवर भजी खाल्ली आणि परत आलो. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं — कानाची नस गेली, मशीनचा आता उपयोग नाही. सगळी आळी माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची. दादाने कधीच वजाबाकी केली नाही. त्याने मान हलवली, मशीन डबीत ठेवलं. मुलालाही फोनवर मीच तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा उडी मारू लागलो. दादा पुन्हा सगळ्यांच्या आधी हसू लागला.

रविवारी फोन आला की तो रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. तू ऐक आणि मला सांग, म्हणायचा. चिऊ शाळेत जायला लागल्यावर एकदा विचारत होती, ‘आबा माझं का ऐकत नाहीत?’ मी दादाला खुणा करून सांगितलं, वर्गात पहिली आली म्हणतेय. त्याने त्या दिवशी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

हे एक-दोन रविवार नाही चाललं, कितीतरी वर्षं चाललं. नवे सेल माझ्याच कपाटात होते. कोणत्याही दिवशी एक घालता आला असता.

दादा गेल्यावर वहिनींनी डबी माझ्यापुढे ठेवली. “भावजी, हे तुमच्याच हातातलं. तुम्हीच ठेवा.” घरी आणून मी त्यात नवा सेल घातला आणि मूठ मिटली. मुठीत धरलं की चालू मशीन शिट्टी मारतं. त्याने मारली. आतून बायकोने विचारलं, काय वाजलं? मी म्हणालो, बाहेर रिक्षा असेल.

पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत होतं. फुलवाली एकच होती. म्हैस नव्हती. उडी दादाने मारली. मी पायरीवर त्याचा शर्ट धरून उभा होतो.